विश्लेषण : सगळे मावले, तरी छायाचित्र का फसले? ‘अल्ट्रा वाइड’ लेन्स वापरायची कशी?

खंडेनवमीला सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या अनेक कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. लेथला झेंडूची माळ, ड्रिलिंग मशीनला हळद-कुंकू, समोर नारळ आणि पेढ्यांचे ताट. कामगारांची कुटुंबेही त्या दिवशी कारखाना बघायला येतात आणि मोबाइल बाहेर निघतात. अख्खी शेड, सगळी यंत्रे, सगळी माणसे एकाच छायाचित्रात यावीत म्हणून पडद्यावरच्या ‘०.५’ या आकड्यावर बोट टेकते. सगळे मावतेही. मात्र घरी जाऊन बघितले, की वरचा अर्धा भाग पत्र्याने आणि खालचा अर्धा भाग फरशीने भरलेला असतो. मधल्या पट्टीत मुंगीएवढी माणसे असतात आणि पूजा कुठे आहे ते शोधावे लागते. एके काळी निवडक व्यावसायिक छायाचित्रकारांकडे असलेली अल्ट्रा वाइड अँगल लेन्स आता लाखो खिशांत आहे, पण ती कशासाठी आहे याबद्दलचा गैरसमज कायम आहे. सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर असताना तो दूर करणे गरजेचे आहे. कारण ही लेन्स चुकीची वापरली तर चित्र तर बिघडतेच, अंतराचा अंदाजही चुकतो आणि बघणाऱ्याची फसवणूकही होऊ शकते.

अल्ट्रा वाइड म्हणजे नेमके किती रुंद?

लेन्स किती रुंद बघते हे तिच्या फोकल लेंग्थवर ठरते. ही लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात. आकडा जितका लहान, तितका नजरेचा कोन मोठा. ३६ बाय २४ मिमी आकाराच्या, म्हणजे ‘फुल फ्रेम’ सेन्सरवर ५० मिमीची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ४७ अंशांचे दृश्य टिपते. २४ मिमीची लेन्स ८४ अंश, १६ मिमीची १०७ अंश आणि १४ मिमीची ११४ अंश टिपते. साधारणपणे २४ मिमीपेक्षा कमी फोकल लेंग्थच्या लेन्सला अल्ट्रा वाइड म्हणतात. लहान, म्हणजे ‘एपीएस-सी’ सेन्सरच्या कॅमेऱ्यात हाच कोन मिळवायला १० ते १५ मिमीची लेन्स लागते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची लेन्स १८ मिमीवर ठेवली, तरी ती त्या कॅमेऱ्यात अल्ट्रा वाइड ठरत नाही.

अशी लेन्स ही काही आजची गोष्ट नाही. जर्मनीतील गोर्झ कंपनीने १९०० मध्ये ‘हायपरगॉन’ ही सुमारे १३५ अंशांची लेन्स काढली होती. एवढ्या कोनात कडेला उजेड फारच कमी पोहोचतो. म्हणून तिच्यासमोर ताऱ्याच्या आकाराचा छोटा पंखा बसवलेला असे. रबरी फुग्याने हवा सोडून तो फिरवायचा, मधला उजेड अडवायचा, कडांना वेळ द्यायचा आणि मग पंखा बाजूला सारायचा, असा तो खटाटोप होता. मोबाइलमध्ये रुंद कोनाचा दुसरा कॅमेरा २०१६ च्या एलजी जी-५ मध्ये दिसला. २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-१० आणि अ‍ॅपलच्या आयफोन ११ या मालिकांत तो आला आणि सर्वसामान्यांच्या हाती पोहोचला. मोबाइलवरचे ‘०.५’ किंवा ‘०.६’ म्हणजे ढोबळमानाने १३ ते १६ मिमीची लेन्स आणि सुमारे १२० अंशांपर्यंतचा कोन.

सगळे मावते, मग चित्र फसते का?

कारण ‘मावणे’ आणि ‘दिसणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकट तेवढीच राहते, त्यात दुप्पट रुंदीचे दृश्य कोंबले की प्रत्येक वस्तूच्या वाट्याला येणारी जागा कमी होते. त्र्यंबक रस्त्यावरून अंजनेरीचा डोंगर डोळ्यांना भव्य दिसतो, कारण आपले लक्ष फक्त त्याच्यावर असते. लेन्स मात्र डोंगराबरोबर डोक्यावरचे रिकामे आकाश, पायाखालचे डांबर, विजेच्या तारा आणि बाजूच्या टपऱ्याही तितक्याच निष्ठेने नोंदवते. परिणामी डोंगर शेताच्या बांधाएवढा होतो. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण या लेन्सला लागू पडत नाही. तिला दुरून काहीच साजरे दिसत नाही.

याचे गणित सोपे आहे. वस्तू चित्रात किती मोठी दिसेल हे तिच्या कॅमेऱ्यापासूनच्या अंतरावर ठरते. अंतर निम्मे झाले की आकार दुप्पट होतो. खंडेनवमीचेच उदाहरण घेऊ. पूजेचे ताट ३० सेंटिमीटर रुंद आहे. १६ मिमीच्या लेन्सने ते ३ मीटरवरून टिपले तर चौकटीच्या रुंदीचा विसावा भागही व्यापत नाही. तेच ५० सेंटिमीटरवर जाऊन टिपले तर रुंदीच्या चौथ्या भागाहून अधिक जागा घेते. म्हणजे अडीच मीटर पुढे सरकल्याने ताट सहापट मोठे झाले. आता मागची भिंत बघा. ती आधी २० मीटरवर होती, पुढे सरकल्यावर साडेसतरा मीटरवर आली. तिचा आकार जेमतेम १४ टक्क्यांनी वाढला. अख्खी शेड अजूनही चित्रात आहे, पण आता पूजाही आहे.

या लेन्सचा सगळा उपयोग या एका उदाहरणात आला. दूर उभे राहून सगळे कोंबण्यासाठी ती नाही. एका गोष्टीच्या अगदी जवळ जाऊन, तिचा आजूबाजूचा परिसरही सोबत दाखवण्यासाठी ती आहे.

मग चौकटीची रचना करायची कशी?

सुरुवात ‘हे चित्र कशाचे आहे’ या प्रश्नाने करावी. त्याचे उत्तर एका शब्दात देता आले पाहिजे. ताट, हात, चाक, पायरी, दगड असे काहीही चालेल. ती गोष्ट सापडली की तिच्यापासून हातभर अंतरावर जावे. ‘आणखी एक पाऊल पुढे’ हा नियम इतर लेन्सनाही उपयोगी पडतो, या लेन्सला तर तो अनिवार्य आहे.

दुसरी पायरी थरांची. चांगल्या अल्ट्रा वाइड चित्रात बहुधा तीन थर असतात. अगदी पुढे मोठी दिसणारी वस्तू, मध्ये नजरेला चालायला वाट आणि मागे परिसर. मधला थर रिकामा राहिला तर पुढची वस्तू आणि मागचा डोंगर एकमेकांशी बोलत नाहीत, दोन चित्रे चिकटवल्यासारखे वाटते. फरशीच्या रेघा, रुळ, नांगराचे तास, पाण्याचा ओघळ किंवा घाटाच्या पायऱ्या हे काम आपोआप करतात. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून आत जाणारी रेघ नजरेला हाताला धरून मागे नेते. मात्र ती रेघ कुठे तरी पोहोचली पाहिजे. रिकाम्या आकाशात संपणारी वाट बघणाऱ्याला तिथेच सोडून देते.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या उंचीची. डोळ्यांच्या उंचीवरून टिपले की पायाखालची तीन-चार मीटर जमीन रिकामी पसरते. गुडघ्याएवढे खाली बसले की तीच जमीन आकसते आणि पुढची वस्तू उभी राहते. उलट रांगोळी किंवा बाजारातली भाजी दाखवायची असेल तर कॅमेरा वर धरून खाली बघावे लागते. एकाच जागी तीन उंचीवरून तीन चित्रे घेतली तर फरक लगेच कळतो.

चौथी गोष्ट आकाशाची. ढग, पाऊस, पाखरे असे काही सांगण्यासारखे नसेल तर आकाशाला चौकटीचा पाचवा-सहावा भाग पुरतो. पावसाळ्यात त्र्यंबककडून चढत येणारे ढग असतील तर मात्र हीच लेन्स त्यांना सर्वात जास्त न्याय देते.

चित्रपटांनी हे फार आधी ओळखले होते. ऑर्सन वेल्स यांच्या १९४१ च्या ‘सिटिझन केन’मध्ये छायालेखक ग्रेग टोलंड यांनी रुंद कोनाच्या लेन्स वापरल्या. एका प्रसंगात आई घरात टेबलापाशी कागदावर सही करते आहे आणि मागच्या खिडकीतून दूर बर्फात खेळणारा छोटा मुलगा दिसतो आहे. सही त्याच्याच भवितव्याची आहे. पुढचे मोठे, मागचे छोटे, दोन्ही स्पष्ट. लेन्सचा गुणधर्मच इथे गोष्ट सांगतो.

कडेची माणसे जाड का दिसतात?

साखरपुडा, बारसे किंवा कारखान्यातला निरोप समारंभ. खोली लहान, माणसे जास्त, म्हणून ‘०.५’. मग कडेला उभे असलेले काका अचानक दुप्पट अंगाचे दिसतात. हा लेन्सचा दोष नाही. सरळ रेघा सरळ ठेवण्याची ती किंमत आहे. सपाट सेन्सरवर सरळ भिंत सरळच दिसावी असे वाटत असेल, तर कडेच्या गोल वस्तू बाहेरच्या बाजूला ताणल्या जाणारच. १६ मिमीच्या लेन्सवर डाव्या-उजव्या टोकाचे डोके उंचीच्या मानाने सुमारे दीडपट रुंद दिसते. २४ मिमीवर हा ताण सव्वापटीवर येतो. चौकटीच्या मधल्या अर्ध्या भागात मात्र १६ मिमीवरही तो १५ टक्क्यांच्या आत राहतो.

उपायही यातच आहे. शक्य असेल तर मागे सरकून मोबाइलचा मुख्य, म्हणजे ‘१’ क्रमांकाचा कॅमेरा वापरावा. जागाच नसेल तर एका लांब रांगेऐवजी दोन-तीन रांगा कराव्यात, सगळ्यांना चौकटीच्या मधल्या अर्ध्या भागात बसवावे आणि कडेला भिंत, पडदा, तोरण येऊ द्यावे. नंतर कडा कापताही येतात. एकट्या माणसाचा चेहरा अगदी जवळून टिपला तर नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. म्हणून या लेन्सने माणूस टिपताना चेहऱ्यापेक्षा त्याचे काम, त्याचे हात आणि त्याची जागा यांना पुढे आणावे. कुंभार चाकासह, शिंपी यंत्रासह, वेल्डर ठिणग्यांसह दाखवायला ही लेन्स उत्तम. पासपोर्टच्या फोटोला ती कामाची नाही.

खांब आत का झुकतात?

कॅमेरा वर किंवा खाली कलला की उभ्या रेघा एकमेकींकडे झुकतात. सर्वच लेन्समध्ये हे घडते, पण रुंद कोनात ते डोळ्यांत खुपते. उंच इमारत मागे पडते आहे, देवळाचा कळस निमुळता झाला आहे असे भासते. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘ग्रिड’ चालू करून ठेवले की उभ्या रेघा तपासता येतात. कॅमेरा जमिनीला समांतर धरला की खांब सरळ राहतात. मग कळस चौकटीबाहेर जात असेल तर मान वर करण्याऐवजी मागे सरकावे किंवा मोबाइल उभा धरावा. झुकलेल्या रेघा मुद्दाम हव्या असतील तर कॅमेरा पुरता कलवावा. अर्धवट कललेले चित्र चूक वाटते, ठामपणे कललेले चित्र निवड वाटते.

फोकस आणि उजेडाचे काय?

इथे ही लेन्स नवशिक्यांवर मेहेरबान आहे. १६ मिमीच्या लेन्सवर अपर्चर एफ/८ ठेवून सुमारे १.१ मीटरवर फोकस केला, तर अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. ५० मिमीच्या लेन्सला त्याच अपर्चरवर अशी स्पष्टता मिळवायला १० मीटरच्या पुढे फोकस करावा लागतो आणि तरीही ५ मीटरच्या आतले धूसरच राहते. जवळचे ताट आणि दूरची भिंत एकाच वेळी स्पष्ट ठेवता येतात, ते यामुळेच.

उजेडाच्या बाबतीत मात्र ती कठोर आहे. एवढ्या रुंद दृश्यात लख्ख आकाश आणि गडद सावली दोन्ही येतात, सूर्यही अनेकदा चौकटीत शिरतो. सकाळी आणि संध्याकाळी सूर्य पाठीशी असेल तर छायाचित्रकाराचीच लांब सावली चित्रात पडते. पायाची बोटे, तिपाईचा पाय, कॅमेऱ्याचा पट्टाही डोकावतो. बटण दाबण्यापूर्वी चारही कोपऱ्यांतून एकदा नजर फिरवण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी. निळे आकाश गडद करणारा पोलरायझर फिल्टर या लेन्सवर टाळावा. आकाशातला प्रकाश सूर्यापासून ९० अंशांच्या पट्ट्यात सर्वाधिक ध्रुवित असतो, त्यामुळे रुंद चित्रात आकाशाचा एकच भाग काळपट होतो आणि डाग पडल्यासारखा दिसतो. मोबाइलमध्ये अल्ट्रा वाइड कॅमेऱ्याचा सेन्सर अनेकदा मुख्य कॅमेऱ्यापेक्षा लहान असतो. म्हणून रात्री किंवा अंधाऱ्या खोलीत मुख्य कॅमेराच बरा.

सातपूर परिसरात सराव कुठे करता येईल?

या लेन्सला जवळची वस्तू, मधली वाट आणि मागचा परिसर लागतो, तो सातपूरच्या आसपास मुबलक आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्याच दशकात सातपूरची वसाहत उभी राहू लागली. तिच्याभोवती अशोकनगर, श्रमिकनगर अशा कामगार वस्त्या वाढल्या. अरुंद गल्ल्या, समोरासमोर जिने, दारातली तुळस, पाळी सुटल्यावर सायकली आणि दुचाकींची रांग हे सगळे काही फुटांच्या अंतरात घडते. मागे सरकायला जागा नसलेल्या अशा ठिकाणी अल्ट्रा वाइडला पर्याय नाही. सरावाची सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला मोबाइल टेकवून परातीपासून खिडकीपर्यंतचे चित्र घेऊन बघावे.

पांडवलेणी हा दुसरा वर्ग. त्रिरश्मी डोंगरातल्या २४ लेण्यांपैकी क्रमांक ३ चे लेणे गौतमीपुत्र सातकर्णीच्या शिलालेखामुळे प्रसिद्ध आहे. आत प्रशस्त दालन, त्याच्या तीन बाजूंना १८ खोल्या आणि मागच्या भिंतीवर मधोमध कोरलेला स्तूप. दारातून टिपले तर स्तूप टिकलीएवढा होतो आणि छत-जमीन तेवढी उरते. भिंतीलगतच्या कट्ट्याजवळ खाली बसून, कट्ट्याची कड पुढे घेतली तर तीच कड नजरेला स्तूपाकडे नेते. खांब आणि चौकटी सरळ ठेवण्याचा सरावही इथे होतो. तिपाई लावायची असेल तर पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते आणि कोरीव कामाला टेकून उभे राहणे कटाक्षाने टाळावे.

तिसरा वर्ग गोदावरीचा. गंगापूर धरणाच्या जलाशयाचा काठ उन्हाळ्यात भेगाळतो. हातभर अंतरावरची एक भेग आणि मागे आटलेले पाणी यांतून पाणीटंचाईची बातमी एका चौकटीत सांगता येते. हेच काम सातपूरमधून वाहणाऱ्या नासर्डी, म्हणजेच नंदिनी नदीच्या पुलाखालचा कचराही करतो. दुरून टिपलेली नदी फक्त हिरवळ दाखवते, जवळून टिपलेली पिशवी त्या नदीची अवस्था सांगते. धरणाची भिंत मात्र सुरक्षेच्या दृष्टीने संवेदनशील असते, तिथे परवानगीशिवाय छायाचित्रण नको. सोमेश्वरच्या धबधब्यावर पावसाळ्यात शेवाळलेल्या खडकांवर ‘आणखी एक पाऊल पुढे’ हा नियम विसरलेलाच बरा.

ही लेन्स धोक्याची कशी ठरू शकते?

दुचाकीच्या बहिर्गोल आरशात मागचा ट्रक असतो त्यापेक्षा दूर दिसतो. अल्ट्रा वाइड लेन्स पडद्यावर नेमके तेच करते. मोबाइल ‘१’ वरून ‘०.५’ वर नेला की समोरची वस्तू निम्म्या आकाराची दिसते. म्हणजे १० मीटरवरचा ट्रक पडद्यावर २० मीटरवर असल्यासारखा भासतो. पडद्याकडे बघत मागे-पुढे सरकणाऱ्याचा अंदाज इथेच चुकतो. जवळ गेल्याशिवाय चित्र जमत नाही आणि जवळ गेल्यावर अंतर कळत नाही, असा हा पेच आहे.

कारखान्यात तो अधिक गंभीर होतो. फिरत्या लेथजवळ गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा, ओढणी किंवा सैल बाही लोंबकळणे म्हणजे अपघाताला निमंत्रण. यंत्र बंद असताना चौकट ठरवावी, सुरक्षित अंतर चालकाला विचारून घ्यावे, पट्टा मनगटाला गुंडाळावा आणि सुरक्षा चष्मा व बूट घालूनच आत जावे. व्यवस्थापनाची परवानगी तर हवीच. रुंद चौकटीत मागच्या फळ्यावरचे उत्पादनाचे आकडे किंवा ग्राहकाचे ड्रॉइंगही नकळत टिपले जाते, ही अडचण वेगळीच.

गर्दीत हा पेच जीवघेणा ठरू शकतो. नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी, तर पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी ठरले आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाणारा रस्ता सातपूरमधूनच जातो. २००३ च्या सिंहस्थात नाशिकमध्ये झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला होता. अरुंद उतारावर, लोंढ्याच्या तोंडावर थांबून चित्र घेणारा एक माणूसही मागच्यांची वाट अडवतो. म्हणून गर्दीत ही लेन्स वापरायची तर कडेच्या ओट्यावर किंवा पायरीवर, पाठ भिंतीला लावून उभे राहावे, चौकट आधी ठरवावी आणि माणसे तिच्यात येऊ द्यावीत. पडद्याकडे बघत चालणे टाळावे.

प्रश्न संमतीचाही आहे. लांब पल्ल्याच्या लेन्ससारखी ही लेन्स लपून वापरता येत नाही. हातभर अंतरावर यायचे तर समोरच्याने येऊ दिले पाहिजे. ‘काढू का?’ एवढे विचारले तरी अनेकदा वाट मोकळी होते. मात्र कडेला उभ्या असलेल्यांना आपण चित्रात आहोत याचा पत्ता नसतो, कारण कॅमेरा त्यांच्याकडे वळलेलाच नसतो. घाटावर स्नान करणारे आणि कपडे बदलणारे लोक अशा चौकटीच्या कोपऱ्यांत सहज येतात. असे चित्र पुढे पाठवण्यापूर्वी कोपरे तपासणे ही छायाचित्रकाराची जबाबदारी आहे.

जाहिरातीतली खोली मोठी का दिसते?

अल्ट्रा वाइडचा सर्वाधिक व्यावहारिक फटका बसतो तो घर घेणाऱ्याला. कोपऱ्यात उभे राहून, छातीच्या उंचीवरून टिपलेली १० बाय १० फुटांची खोली दिवाणखान्यासारखी दिसते. जवळची फरशी पसरते, समोरची भिंत दूर जाते, मधला पलंग छोटा होतो. यात एकही गोष्ट खोटी नसते, तरी बघणाऱ्याच्या मनातला आकार खोटा असतो. महिन्याच्या पगारावर कर्ज काढणाऱ्या कामगाराला हा फरक परवडणारा नाही.

ओळखण्याच्या काही खुणा आहेत. चित्राच्या कडेला असलेली खुर्ची, कुंडी किंवा गोल दिवा ताणलेला दिसतो का ते बघावे. ताणलेला असेल तर लेन्स फार रुंद आहे हे नक्की. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे फरशा मोजणे. आजकाल घरांत बहुधा दोन बाय दोन फुटांच्या फरशा असतात. त्या तेवढ्याच आहेत याची खात्री करून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत मोजाव्यात. पाच फरशा म्हणजे दहा फूट. लेन्स फरशी ताणू शकते, फरशांची संख्या वाढवू शकत नाही. शेवटी निर्णय घ्यायचा तो चटई क्षेत्राच्या आकड्यावर. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने गृहप्रकल्पांच्या जाहिरातींवर क्यूआर कोड बंधनकारक केला आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणीकृत माहिती बघता येते. स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १२ मध्ये जाहिरातीतील खोट्या माहितीमुळे नुकसान झालेल्या ग्राहकाला भरपाईची तरतूदही आहे.

वेगळी लेन्स विकत घ्यावी का?

लगेच नको. मोबाइलमध्ये अल्ट्रा वाइड कॅमेरा असेल तर महिनाभर त्यावरच सराव करावा. पहिल्या आठवड्यात रोज एकच वस्तू घ्यावी आणि तिची तीन चित्रे काढावीत : तीन मीटरवरून, एक मीटरवरून आणि हातभर अंतरावरून. दुसऱ्या आठवड्यात अंतर तेच ठेवून उंची बदलावी. तिसऱ्या आठवड्यात फक्त उभ्या रेघा आणि चारही कोपरे सांभाळावेत. चौथ्या आठवड्यात माणसे घ्यावीत, विचारून आणि त्यांच्या कामासह. महिन्याच्या शेवटी सगळी चित्रे मोबाइलच्या छोट्या पडद्याऐवजी मोठ्या पडद्यावर बघावीत. या लेन्सच्या चुका मोठ्या आकारातच दिसतात.

एवढे केल्यावर हातभर अंतरावरची चित्रे अधिक आवडू लागली असतील, तर लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी १०-१८ किंवा १०-२० मिमीची आणि फुल फ्रेमसाठी १६-३५ मिमीची झूम लेन्स हा रूढ पर्याय आहे. त्याहून रुंद लेन्सची पुढची काच अनेकदा फुगीर असते, तिच्यावर साधा फिल्टर बसत नाही आणि ती सहज ओरखडते. तीन मीटरवरूनचीच चित्रे बरी वाटत असतील तर पैसे वाचवावेत. त्या अंतरासाठी मोबाइलचा मुख्य कॅमेरा किंवा साधी ३५ मिमीची लेन्स अधिक कामाची आहे.